आईच्या गोळ्या आणि कोरोना: काय चालू ठेवायचं आणि काय विचारल्याशिवाय बंद करायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचं वय ६८. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०, शुगरसाठी मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटॉरव्हास्टॅटिन. आमवात आहे म्हणून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि प्रेडनिसोलोन ५. शिवाय सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल. कोरोनाचे रुग्ण वाढल्याची बातमी आली आणि पाठोपाठ मोबाइलवर ‘या गोळ्या घेणाऱ्यांना कोरोना लवकर होतो’ असा मजकूर फिरत आला. आईंनी तो वाचून बीपीची गोळी चार दिवसांपासून बंद केली आहे. मुलगा विचारतो आहे की बाकीच्यांपैकी कोणत्या बंद करायच्या.

चार दिवस झालेत, म्हणून आधी उत्तर सांगतो आणि कारणं मागाहून. आज घरी किंवा जवळच्या दवाखान्यात बीपी मोजून घ्या आणि टेल्मिसार्टन आजच पुन्हा सुरू करा. बाकीची एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रेडनिसोलोन तर अजिबात नाही, एक दिवससुद्धा नाही. आईंच्या यादीतल्या दोन औषधांबाबत खरोखर काळजी घ्यावी लागते, पण त्यांनी बंद केलेलं औषध त्या दोन्हींत नाही. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

मी तालुक्याच्या गावात ३१ वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. हा प्रश्न पहिल्यांदा मला २०२० च्या मार्चअखेर आला, तोही फोनवर, कारण लॉकडाऊन लागला होता. त्यानंतर किती जणांनी विचारला ते मोजलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांचं बरं झालं. ज्यांनी न विचारता गोळी बंद केली, त्यांच्यातला एक जण अजून डोळ्यांसमोर आहे.

ही भीती आली कुठून ते आधी बघू, कारण ती अगदीच हवेतली नव्हती. विषाणूला पेशीत शिरायला दार लागतं. कोरोनाच्या या विषाणूचं दार म्हणजे एसीई२ नावाचं प्रथिन. फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड, आतडी, सगळीकडच्या पेशींवर ते असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ऑल्मेसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल ही बीपीची औषधं शरीरातल्या ज्या साखळीवर काम करतात, त्याच साखळीतलं हे प्रथिन आहे. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत ही औषधं दिल्यावर एसीई२ वाढलेलं दिसलं होतं. तेव्हा चीनमधून येणाऱ्या आकडेवारीत गंभीर आजारी पडणाऱ्यांमध्ये बीपी आणि शुगरचे रुग्ण जास्त दिसत होते. ११ मार्च २०२० ला ‘लॅन्सेट’च्या श्वसनविकारांच्या नियतकालिकात एक छोटं पत्र आलं आणि त्यात या दोन गोष्टी जोडल्या गेल्या: दारं वाढली तर विषाणू जास्त शिरेल का?

ती शंका होती, निष्कर्ष नव्हता. तशी शंका काढणं हे शास्त्रज्ञांचं कामच आहे. पण पत्र येऊन दोन दिवस होतात न होतात तोच युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेला निवेदन काढावं लागलं की या शंकेला माणसांमधला पुरावा नाही, गोळ्या चालू ठेवा. १७ मार्चला अमेरिकेतल्या संघटनांनीही तेच सांगितलं. पत्रातली भीती मात्र निवेदनाच्या आधी गावोगाव पोचली. आमच्याकडे ती पोचली तेव्हा ‘शंका’ हा शब्द वाटेतच गळला होता.

ज्या माणसाविषयी म्हणालो ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. वय ६४. एप्रिलच्या मध्यावर पहाटे त्यांचा मुलगा त्यांना मालवाहू टेम्पोतून घेऊन आला. तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा हात पडलेला, बीपी २२० वर १३०. दहा वर्षं त्यांचं बीपी मी १३०च्या आसपास ठेवलं होतं. बायकोने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. दहाच्या पट्टीतल्या तीन जागा फोडलेल्या होत्या, सात गोळ्या जशाच्या तशा. पट्टी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेली होती. ‘त्यांनी म्हटलं, गोळीनं कोरोना होतोय, घरात नातवंडं आहेत,’ एवढंच त्या म्हणाल्या. नातवंडांना आपल्यामुळे काही होऊ नये म्हणून त्यांनी गोळी सोडली होती. कोरोना त्यांना त्या वर्षी झालाच नाही. डावा हात मात्र पुन्हा स्टिअरिंग धरण्याजोगा झाला नाही. ती पट्टी आठवली की मला अजूनही वाटतं, मार्चमध्येच माझ्या बीपीच्या सगळ्या रुग्णांना एकेक करून फोन लावायला हवा होता.

आता पुरावा. १ मे २०२० ला न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात इटलीच्या लोंबार्डी प्रांतातला अभ्यास आला. युरोपात सर्वात आधी होरपळलेला प्रांत तोच. तिथे ६,२७२ कोरोनाबाधितांची तुलना त्याच वयाच्या, त्याच भागातल्या ३०,७५९ लोकांशी केली. हा अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण घोळ कुठे होतो ते त्यात उघड दिसतं. नुसते आकडे पाहिले तर बाधितांमध्ये ही औषधं घेणारे खरोखरच थोडे जास्त होते. इथेच थांबलं तर व्हॉट्सॲपवरचा मजकूर खरा ठरतो. पण बाधितांमध्ये हृदयविकार असलेले लोकही जास्त होते, आणि हृदयविकार असलेला माणूस या गोळ्या घेणारच. तो फरक हिशेबातून काढल्यावर गोळ्यांचा वाटा शून्यावर आला. जोखीम ना वाढलेली, ना कमी झालेली. न्यूयॉर्कमधल्या १२,००० हून जास्त लोकांच्या नोंदींवरून निघालेला अभ्यास त्याच अंकात होता, त्याचंही उत्तर तेच. त्याच दिवशीचा या विषयावरचा तिसरा लेख मात्र जूनमध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातली मूळ माहिती तपासायला कोणाला मिळेना. त्याचा आधार मी घेत नाही. त्याच्याशिवायही निष्कर्ष हलत नाही.

औषध आणि आजार यांची अशी गल्लत या विषयात पावलोपावली होते. एखादी गोळी घेणारे लोक जास्त आजारी पडताना दिसले तर पहिला प्रश्न असा विचारायचा: ही गोळी कोण घेतं? ज्यांना मुळात काही आजार आहे तेच घेतात. मग आजाराचं माप गोळीच्या पदरात पडतं.

तरीही कोणी म्हणेल, नोंदी चाळून नाही, प्रत्यक्ष गोळी बंद करून पाहिलं का? पाहिलं. ब्राझीलमध्ये कोरोनाने दवाखान्यात भरती झालेल्या आणि आधीपासून ही औषधं घेणाऱ्या ६५९ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाच्या गोळ्या महिनाभर थांबवल्या, दुसऱ्याच्या चालू ठेवल्या. थांबवलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २.७ टक्के, चालू ठेवलेल्यांमध्ये २.८. घरी सुखरूप असण्याचे दिवसही दोन्हीकडे जवळपास सारखे. यापलीकडे एका गोळीविषयी आणखी काय विचारायचं?

एक बारकावा मात्र सांगतो. आयसीयूमधल्या गंभीर रुग्णांना कोरोनाचा उपचार म्हणून ही औषधं नव्याने सुरू केली तर फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. तिथे प्रश्न वेगळा होता. तुमच्या आईंची वर्षानुवर्षांची गोळी त्यात येत नाही.

पॅन्टोप्राझोलविषयी विचारलंत तर माझं मत जरा वेगळं आहे. अमेरिकेत २०२० मध्ये ५३,००० हून जास्त लोकांची ऑनलाइन पाहणी झाली. ॲसिडिटीची या वर्गातली गोळी दिवसातून दोनदा घेणाऱ्यांमध्ये कोरोना झाल्याचं सांगणारे कितीतरी जास्त निघाले. तर्क असा की पोटातलं आम्ल जंतू मारतं, ते कमी झालं की विषाणूला आतड्याची वाट मोकळी. पण लोकांनी स्वतः दिलेली माहिती ती. पुढच्या अभ्यासांमध्ये संसर्गाचा हा संबंध टिकून राहिला नाही. म्हणून कोरोनाच्या भीतीने ही गोळी सोडायची गरज नाही.

पण दुसऱ्याच कारणासाठी आईंच्या डॉक्टरांना विचारा की ती किती दिवस घ्यायची आहे. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल एकदा चिठ्ठीवर चढली की उतरतच नाही. केसपेपर बदलतो, डॉक्टर बदलतात, ती तशीच पहिल्या नंबरला. स्टेरॉइड आणि संधिवाताच्या गोळ्या चालू असताना पोटाला आधार म्हणून ती दिली असेल तर कारण रास्त आहे. पण मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल दोन्ही वर्षानुवर्षं चालू असतील तर बी१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. हातापायाला मुंग्या येतात आणि घरचे म्हणतात शुगरमुळे असेल. आईंची बी१२ची तपासणी गेल्या वर्षभरात झाली नसेल तर करून घ्या.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोष्ट उलटी. या गोळीने कोरोना होतो अशी नाही, होतच नाही अशी बोंब होती. २०२० च्या मार्चमध्ये आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि बाधितांच्या घरच्यांना प्रतिबंधासाठी ती सुचवली आणि चारच दिवसांत माझ्या आमवाताच्या बायकांना मेडिकलमध्ये ती मिळेनाशी झाली. सरकारला २६ मार्चला तिच्या विक्रीवर कडक नोंदीची अट घालावी लागली. एक बाई तीन गावं फिरून आल्या. बोटं सुजून लाडवासारखी झालेली, भाकरी थापता येत नव्हती. ज्यांना ती गोळी खरोखर लागत होती त्यांच्या तोंडून ती काढली गेली. नंतर ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत भरती रुग्णांना तिचा काही उपयोग झाला नाही हे ५ जून २०२० ला जाहीर झालं. आमवातासाठी आधीपासून ती घेणाऱ्यांनाही कोरोनापासून संरक्षण मिळालेलं दिसलं नाही. तेव्हा आईंनी ती सांध्यांसाठी घ्यावी. ‘मी तर ती गोळी घेते, मला काय होतंय’ असं त्या म्हणत असतील तर तेवढं मनातून काढून टाका. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला विसरू नका, हे त्या गोळीचं खरं पथ्य.

आता खऱ्या काळजीकडे येतो. स्टेरॉइड.

प्रेडनिसोलोन शरीराची प्रतिकारशक्ती दाबते, त्यासाठीच आमवातात देतात. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत जगभरच्या संधिवाततज्ज्ञांनी आपल्या बाधित रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. पहिल्या ६०० रुग्णांमध्ये असं दिसलं की रोज १० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना दवाखान्यात भरती व्हावं लागण्याची शक्यता साधारण दुप्पट होती. इथेही आधीचा प्रश्न विचारायचा: १० मिलिग्रॅम कोणाला लागते? ज्याचा आमवात आटोक्यात नाही त्याला. त्यामुळे थोडा दोष आजाराचाही आहे. तरी स्टेरॉइडने संसर्ग बळावतो हे कोरोनाच्या आधीपासून माहीत आहे, म्हणून मी हा आकडा गंभीरपणे घेतो. आईंचा डोस ५ आहे, म्हणजे त्या खालच्या टप्प्यात आहेत. डॉक्टरांशी बोलून तो हळूहळू आणखी कमी करता येतो का, हे विचारण्याची हीच वेळ. आजारी नसताना विचारायचं, ताप आल्यावर नाही.

‘मग बंदच करतो’ असं मात्र कोणी म्हणू नये. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या छोट्या ग्रंथी रोज शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून महिनोन्‌महिने गोळी आली की त्या सुस्तावतात. गोळी एकदम थांबली, आणि त्यात ताप आला, तर शरीराला त्या घडीला लागणारं स्टेरॉइड कुठूनच मिळत नाही. उलट्या, गळून जाणं, बीपी खाली, माणूस गुंगीत. कोरोनाच्या काळात हे ‘कोरोना वाढला’ म्हणून ॲडमिट झालेलं मी पाहिलं आहे आणि शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर दोन तासांत तोच माणूस उठून चहा मागताना पाहिला आहे. ताप आला तर ही गोळी उलट काही दिवस वाढवावी लागू शकते. किती, ते डॉक्टर ठरवतील. म्हणून आईंच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ‘मी रोज स्टेरॉइडची गोळी घेते.’ अनोळखी दवाखान्यात जावं लागलं तर पहिली तीच दाखवा.

याच औषधाची दुसरी बाजू आपण २०२१ मध्ये फार जवळून पाहिली. रिकव्हरी चाचणीने १६ जून २०२० ला दाखवलं की डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम रोज, जास्तीत जास्त १० दिवस, या साध्या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी होतात. त्याच चाचणीत हेही लिहिलं होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही. दुसरं वाक्य फार थोड्यांनी वाचलं. दुसऱ्या लाटेत ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी स्टेरॉइड सुरू झालेले, शुगर ४०० च्या पुढे गेलेले रुग्ण मे महिन्यात माझ्याकडे गाल सुजून, नाकातून काळं येतंय म्हणून येऊ लागले. एका शिक्षकांच्या टाळूवर मला टॉर्चच्या उजेडात नाण्याएवढा काळा डाग दिसला. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. त्यांचा वरचा जबडा काढावा लागला, जीव वाचला. त्यावरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांसाठी त्यांच्या भावाने पुणे, सोलापूर, कोल्हापूर पालथं घातलं. शुगर असलेल्या माणसाला गरज नसताना दिलेलं स्टेरॉइड काय करतं हे महाराष्ट्राने भोगलं आहे. तेव्हा आईंना साधा ताप-खोकला असताना कोणी ‘लवकर बरं वाटेल’ म्हणून वेगळं स्टेरॉइड लिहून दिलं तर थांबा, ऑक्सिजन मोजा आणि विचारा की हे का.

मेथोट्रेक्सेट हे काळजीचं दुसरं औषध. ते चालू असताना कोरोना सहज होतो असं नाही. पण कोरोना झालाच तर ते सहसा थोडे दिवस थांबवतात आणि बरं झाल्यावर पुन्हा सुरू करतात. तसंच लसीनंतर दोन आठवडे थांबवलं तर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) जवळपास दुपटीने बनतात, हे ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. म्हणून लस घ्यायची असेल, कोरोनाची किंवा दरवर्षीची फ्लूची, तर आधी संधिवाताच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मी कोरोनाशिवायही माणसं गमावताना पाहिली आहेत: ही गोळी आठवड्यातून एकदाच. घरात धावपळ असली, गोळ्या देणारं माणूस बदललं की ती रोज दिली जाते आणि तोंड सोलवटून, रक्तपेशी घसरून रुग्ण येतो. पट्टीवर पेनाने वार लिहा, ‘फक्त रविवार’.

ज्यांच्या घरात कोणाला रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं इंजेक्शन चालू आहे किंवा मूत्रपिंड बदललेलं असल्याने तशी औषधं चालू आहेत त्यांनी याहून जास्त सावध असावं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच रिटुक्सिमॅबने कमी होतात, लस कमी लागू पडते, आजार लांबतो. त्यांच्यासाठी लसीचं वेळापत्रक औषधाच्या तारखा पाहून आखावं लागतं. ही औषधंही बंद करायची नसतात, हे वेगळं सांगायला नको.

मेटफॉर्मिन आणि ॲटॉरव्हास्टॅटिन, दोन्ही चालू ठेवा. शुगर वाढलेली असणं हा मेटफॉर्मिन घेण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. कोरोनावरची निर्माट्रेलविर-रिटोनाविर ही जोडगोळी कधी दिली गेली तर ॲटॉरव्हास्टॅटिन तेवढे दिवस थांबवावं लागतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवली की पुरे.

ताप आलाच तर पॅरासिटामोल. २०२० च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळीने कोरोना बिघडतो असं सांगितलं होतं, पुढच्या अभ्यासांत ते खरं ठरलं नाही. तरी आईंना मी ते देणार नाही, कारण टेल्मिसार्टन चालू असताना, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना दुखण्याची गोळी घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो. आणि हाच एक प्रसंग आहे जेव्हा बीपीची गोळी तात्पुरती थांबवावी लागू शकते: जुलाब-उलट्या होताहेत, पोटात पाणी ठरत नाही, लघवी कमी झाली आहे, वरचं बीपी १०० च्या खाली आहे. तेव्हा मेटफॉर्मिनही थांबवतात. कारण पाणी कमी होण्याचं आहे, कोरोना असो वा कॉलरा. तेही फोनवर विचारून, आणि खाणंपिणं सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत गोळ्या परत.

आईंना एक सांगा. त्यांनी गोळी घाबरून बंद केली यात त्यांचा काही दोष नाही, आणि डॉक्टरांना ते सांगताना लाजायचं कारण नाही. चार दिवस गोळी नव्हती हे लपवलं तर वाढलेलं बीपी पाहून डॉक्टर डोस वाढवतील आणि मग दोन आठवड्यांनी त्या चक्कर येऊन न्हाणीघरात पडतील.

आज मोजलेलं बीपी १८० वर ११० च्या आत असेल आणि त्यांना काही त्रास नसेल तर नेहमीची एक गोळी द्या. राहिलेल्या चार दिवसांची भरपाई म्हणून दोन देऊ नका. तीन-चार दिवस रोज सकाळी मोजून कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. त्याहून जास्त असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. डोकं खूप दुखतंय, दिसायला अंधुक होतंय, छातीत दाबल्यासारखं वाटतंय, बोलताना जीभ अडखळतेय किंवा एका बाजूचा हात जड वाटतोय, यांपैकी काहीही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि त्यांना घेऊन लगेच निघा.